गुरुवारचं जर्नल आणि माझी धाकटी

सोमवार, ८ जानेवारी

टाइना आली. शिकागोहून दिवसभर गाडी हाकत, बर्फातून. मागची सीट काचेपर्यंत सामानाने भरलेली. कचेरीत शिरली ती थेट वेंडलच्या गळ्यात — "वेंडलकाका, अजून जाहिराती गोळा करत फिरता?" वेंडल सत्तरीचा माणूस, कानापर्यंत लाल. मला एका हाताची अर्धी मिठी. बूट न झटकताच आत, सगळीकडे पाणी.

तिची संस्था म्हणे लहान गावांतल्या वर्तमानपत्रांना नव्या जमान्यात तग धरायला मदत करते. वेबसाइट, ई-मेल, फोन, सगळं बसवून देतात. बारा आठवडे, फुकट. या वेळी आमच्या 'इनलेट जर्नल'ची निवड झाली. मी अर्ज केला नव्हता. म्हणजे तिनेच आमचं नाव घातलं असणार. "ताई, तुला नको असेल तर स्पष्ट सांग," म्हणाली. काय सांगू? खप निम्म्यावर आलाय, हे तिला येण्याआधीच ठाऊक होतं.

बाबांनी हे साप्ताहिक माझ्या हाती दिलं तेव्हा ही शिकागोच्या मोठ्या दैनिकात नाव कमवत होती. सुट्टीला यायची, चार दिवसांत कंटाळायची. आता मला शिकवायला आली आहे.

राहणार बाबांकडे, आपल्या जुन्या खोलीत. माझ्याकडे ये म्हणून मी विचारलं नाही. पण तिनेही विचारलं नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

बाबांनी तिच्यासाठी सौना, वाफेच्या स्नानाची खोली, तापवला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, लाकडं स्वतः आत आणली. माझ्यासाठी शेवटचा कधी तापवला होता, आठवत नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

सकाळी छापखान्याची गाडी आली, गठ्ठे उतरवले, आणि दर गुरुवारप्रमाणे पहिला अंक घेऊन मी बाबांकडे. त्यांनी खिडकीतल्या खुर्चीत बसून पानं उलटली. शेवटी — "हं. बरा आहे." बस. इतकी वर्षं हेच. हे पत्र उभं केलेला माणूस. आपल्या जागी बसवलेल्या मुलीला "बरा आहे"च्या पलीकडे एक शब्द देत नाही.

टाइना चुलीपाशी ओव्हनमधलं धिरडं करत होती, आईच्या पद्धतीचं, फुगलेलं. तिने तवा आपटला तर ते हसले. तवा आपटला म्हणून.

मी कॉफी न घेता निघाले. कोणी थांबवलं नाही. — नाही, खोटं कशाला लिहू, टाइना दारापर्यंत आली होती. मीच ऐकू न आल्यासारखं केलं.

बुधवार, १७ जानेवारी

टाइनाची 'बैठक'. आम्ही माणसं तीन, तरी बैठक.

मुद्दा तिचा असा : आपले निम्मे वर्गणीदार हिवाळ्यात फ्लोरिडाला असतात. टपालाने अंक पोचायला दीड आठवडा. "ताई, ते मृत्युवार्ता वाचतात तोवर माणसाला पुरूनही झालेलं असतं." वेंडल हसला. मलाही हसू आलं होतं, मी खोकले.

ठरलं ते असं. रोज सकाळी एक छोटी ई-मेल : रस्ते, शाळा, कोण गेलं, कोण जन्मलं. आणि ज्यांना ई-मेल जमत नाही त्यांच्यासाठी एक फोन नंबर. फिरवायचा आणि बातम्या ऐकायच्या. बातम्या मी लिहायच्या. वाचणार कोण?

"टाइनाच," वेंडल म्हणाला. "तिचा आवाज गोड आहे."

माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

सुरू झालं काल. आज रॉयच्या हॉटेलात मांस-बटाटा भरलेली पास्टी घ्यायला गेले. रॉय काउंटरमागून — "तुझी बहीण आज सकाळी माझ्या कानात कुजबुजत होती!" अख्खं काउंटर खिदळलं. गुरुवारचा अंक रॉय वर्षानुवर्षं मासे गुंडाळायला वापरतो. त्याबद्दल कधी अवाक्षर नाही.

एक मात्र झालं. को-ऑप दुकानात गल्ल्यावरची डार्लीन म्हणाली, "इर्मा, तिला सांग, जरा सावकाश वाच. आम्ही काही शिकागोचे नाही." ही तक्रार मी खाऊसारखी जपून कचेरीत आणली. टाइना ऐकून म्हणाली, "बरोबर आहे तिचं." संपलं. उद्यापासून सावकाश वाचेल. हिला साधा राग यायला काय होतं?

शुक्रवार, २ फेब्रुवारी

बाबांकडे डोकावले. फोन टेबलावर, आवाज मोठा करून, आणि त्यातून टाइना. ती खरी टाइना कचेरीत होती! बाबा डोळे मिटून ऐकत होते. शाळेच्या हॉकी सामन्याचा वृत्तांत आला तसे म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. "शेवटचा गोल कसा सांगितलाय बघ. डोळ्यांपुढे उभा राहतो."

तो मी लिहिलाय, बाबा. तीन तास त्या थंडगार गॅलरीत बसून मी लिहिलाय.

बोलले नाही. बोलून काय मिळवायचं? 'हं. बरा आहे.'

सोमवार, ५ फेब्रुवारी

मोठी बातमी. को-ऑपच्या संचालकांपैकी लाहती दुपारी कचेरीत आले. दुकान एप्रिलअखेर बंद होणार. औषधांचा विभाग मात्र बंद नाही, तो दवाखान्याच्या इमारतीत हलतोय. "पुढच्या सोमवारच्या सभेत जाहीर करणार होतो," म्हणाले, "पण अफवा फुटण्याआधी तू लिही. तू नीट लिहितेस."

टाइना तेव्हा कामासाठी शाळेत गेली होती. आल्यावर विचारलं, "काही नवीन?"

"काही नाही," मी म्हटलं.

गुरुवारी पहिल्या पानावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत मथळा. निदान एक बातमी तरी या गावाने शाईत वाचावी. माझ्याकडून वाचावी.

बुधवार, ७ फेब्रुवारी

फुटली. लाहतींच्या तोंडून नाही, फेसबुकवरच्या त्या गावगप्पांच्या पानावरून. आणि उलटीसुलटी : को-ऑप या शनिवारीच बंद, औषधंही बंद. सकाळपासून कचेरीचा फोन खणखणतोय.

टाइना खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "ताई, तुला काही माहीत आहे?"

"उद्याच्या अंकात बघ."

ती पुढे झुकली. मग हळूच म्हणाली, "खरं काय ते पाच मिनिटांत लोकांना सांगता येईल. मी सांगत नाही, तू सांग. तुझ्या नावाने."

"अंक उद्या येतोय. उद्या सांगेन."

"ताई, लोक घाबरलेत."

"एक दिवस घाबरले तर मरत नाहीत."

असं बोलले मी. अगदी याच शब्दांत. ती उठली. "पत्र तुझं आहे," एवढंच म्हणाली.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

अंक आला. मथळा देखणा होता. कोणीही वाचला नाही, कारण सगळे औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभे होते. इन्सुलिनवाले, दम्यावाले, शून्याखाली पंधरा अंशांत, दोन महिन्यांची औषधं एकदम भरून घ्यायला. म्हातारा एल्मर रुओना रांगेत बर्फावरून घसरला. मनगट मोडलं.

चारच्या सुमाराला डार्लीन आली. अंगावर को-ऑपचाच अंगरखा. बसायला सांगितलं तर बसली नाही.

"माझी नोकरी गेली हे मला ग्रीन बेहून लेकीने फोन करून सांगितलं. तिने कुठल्या तरी पानावर वाचलं." अंक तिच्या हातात होता. "यात लिहिलंय, एप्रिलअखेर. यात लिहिलंय, सोमवारी कळलं. सोमवारी कळलं तुला?"

मी हो म्हटलं.

"मंगळवारी तू माझ्याकडून दूध घेतलंस, इर्मा. काल पाव. माझ्या समोर उभी होतीस. मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली."

आवाजसुद्धा चढवला नाही तिने. अंक टेबलावर ठेवून गेली. वेंडल जाहिरातींच्या कागदांत डोकं खुपसून बसला होता.

टाइना आता मला फाडून खाणार, मला वाटलं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "बातमी फोनवर घेऊ?" आणि शब्द न बदलता सगळी वाचली, औषधांचं दोनदा वाचलं, आणि शेवटी : "ही बातमी इर्मा कांगस यांची."

या चांगुलपणाचा मला इतका संताप आला की मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

शनिवार, १० फेब्रुवारी

एल्मरच्या घरी सूप नेऊन दिलं. त्याच्या बायकोने घेतलं. आत बोलावलं नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

को-ऑपची सभा. टाइनाने फोनवरून थेट ऐकवली. मी मागच्या रांगेत बसून टिपणं घेतली. डार्लीन पुढे होती, मागे वळली नाही.

टाइनाला मी अजून 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. तिला म्हटलं तर ती क्षमा करेल. तेच नको आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

काय लिहू.

सकाळी गठ्ठे उशिरा आले. मी वरचा अंक न बघताच उचलला आणि तशीच बाबांकडे. टाइना कचेरीत होती. बाबा खिडकीत. त्यांनी अंक घेतला, पहिलं पान बघितलं, आत बघितलं, चौथं पान जरा उंच धरलं, नेहमीसारखं. "हं. बरा आहे." आणि आज वर आणखी : "अग्रलेख चांगला उतरलाय."

मी सुखावले. खरंच. अंक घडी घालून ठेवावा म्हणून उचलला. तर तो 'जर्नल' नव्हताच. छापखान्यातून आमच्या गठ्ठ्यात पलीकडच्या परगण्यातल्या पत्राचे चार-पाच अंक मिसळून आले होते. पहिल्या पानावर त्यांचं नाव, तळहाताएवढ्या अक्षरांत. त्यांचे शेरीफ, त्यांची शाळा. चौथ्या पानावर अग्रलेखच नाही. टायरची पानभर जाहिरात.

बाबांकडे बघितलं. ते माझ्या दिशेने बघत होते. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे.

"निघते," म्हटलं.

"पायऱ्या जपून," म्हणाले. "गोठल्यात."

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

टाइनाला कचेरीमागे, गाड्यांपाशी गाठलं. वेंडलसमोर नको होतं.

"बाबांना दिसत नाही."

तिने नजर खाली घातली. तेवढ्यावरून कळलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"आल्या आठवड्यातच कळलं. घरात राहिल्यावर लपत नाही गं. मधोमध दिसत नाही त्यांना, कडेने थोडंफार दिसतं. चारएक वर्षं झाली. वाचणं तर केव्हाच गेलं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"त्यांनी आईची शपथ घातली, ताई. इर्माला कळता कामा नये, म्हणाले."

इर्माला कळता कामा नये! टाइनाला कळलं तर चालतं. आई गेली तेव्हा शिकागोहून दोन दिवसांत परत गेलेल्या टाइनाला. चार वर्षं मी दर गुरुवारी गेले, दर रविवारी गेले, त्यांची बिलं मी भरली ("अक्षर किती बारीक करतात हल्ली, तूच बघ"). गाडी त्यांनी विकली ("जुनी झाली"). आणि मी आंधळी! त्यांच्याहून मी आंधळी.

"तुझ्यावर त्यांचा जीव आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"माझ्यावर?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "ताई, मला येऊन महिना झाला. या महिन्यात त्यांनी एकदाही विचारलं नाही, तू कशी आहेस म्हणून. रोज एकच — इर्माने आज काय लिहिलंय, वाच. तो फोन नंबर मला कशावरून सुचला, वाटतं तुला?"

बोलून आत गेली. मी बर्फात उभी. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात काय आलं? माझं लिहिलेलं, चार वर्षांनी त्यांच्यापर्यंत पोचलं, तेही तिच्या आवाजात.

रविवार, १८ फेब्रुवारी

बाबांपुढे बसले. वेलदोड्याचा पाव कापून दिला. विचारायचं ते सरळ विचारलं.

ते बशीवरून बोट फिरवत राहिले. मग, "दोन कारणं. एक, तू मला त्या वृद्धाश्रमात टाकलं असतंस."

"टाकलं नसतं."

"विचार तरी केला असतास."

खरं आहे. केला असता.

"आणि दुसरं?"

"तू गुरुवारी अंक घेऊन यायचीस. गाडी थांबल्यापासून ऐकायचो. वाचता येत नाही म्हटलं असतं, तर कशाला आणला असतास अंक?"

"मी तशीही आले असते."

"हं," म्हणाले. "कोण जाणे."

मग, पाव चावता चावता, जणू हवापाण्याचं बोलत असावेत : "तो हॉकीचा गोल चांगला लिहिलास. माझ्या हाताखाली होतीस तेव्हा एवढं चांगलं लिहीत नव्हतीस."

"को-ऑपची बातमीही ऐकली का?"

"ऐकली. चांगली लिहिली होतीस. तीन दिवस उशिरा." पावाचा तुकडा चाचपत, "टाइनाने सांगितलं नाही. डार्लीनने सांगितलं. माझं सामान तीच आणून देते."

आणि मला वाटत होतं, ही चूक मी त्यांच्यापासून लपवून ठेवली आहे.

मंगळवार, २० फेब्रुवारी

डार्लीनच्या गल्ल्यावर रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर म्हटलं, "मी ती बातमी दाबली. मोठा मथळा हवा म्हणून. दुसरं कारण नव्हतं." मागे माणसं होती. ऐकू दे म्हटलं.

ती अंडी पिशवीत भरत राहिली. "लोकांना सांग," म्हणाली. "मला ठाऊकच आहे."

बुधवार, २१ फेब्रुवारी

सांगितलं. फोनवर. टाइनाने यंत्र लावून दिलं आणि बाहेर जाऊन बसली. माझा आवाज म्हणजे थंडीत सुरू न होणारी मोटार. तरी वाचलं : बातमी सोमवारी हाती होती, गुरुवारपर्यंत ठेवली, ठेवायला नको होती. यापुढे कळलं की सांगू, सविस्तर गुरुवारी. खाली नाव.

रॉय दुपारी म्हणाला, "आज तूच होतीस का? मला वाटलं, पोलीस खात्याचा निरोप." काउंटर खिदळलं. पण मग त्याने कॉफी पुढे सरकवली.

शुक्रवार, १ मार्च

आता आठवड्यात दोन दिवस मी वाचते, तीन दिवस टाइना. लोक तिच्या दिवशी जास्त फोन करतात. आकडे तिने दाखवले नाहीत, मी स्वतः शोधून बघितले. मला अजून झोंबतं. झोंबत नाही असं लिहिणार होते, पण या वहीत तरी खोटं नको.

फ्लोरिडातल्या लोकांनी ई-मेलवरून परत वर्गणी भरायला सुरुवात केली आहे. एका बाईने लिहिलंय, 'नवऱ्याच्या मित्राच्या अंत्यविधीला या वेळी आम्ही वेळेवर पोचलो.' हे टाइनाने मला वाचून दाखवलं तेव्हा शेवटचे शब्द तिने खिडकीकडे तोंड फिरवून वाचले. मी बघितलं. म्हणजे हिला सोपं जात नाही तर. इतके दिवस मला वाटायचं, हिला सगळंच सोपं जातं.

रविवार, १० मार्च

तिचे बारा आठवडे संपत आले. मी विषय काढला की ती उठते, भांडी घासायला लागते.

आज ठरवलं. तिच्या संस्थेला फोन करून तिला आणखी तीन महिने मागून घ्यायची. तिला न सांगता. मी! जानेवारीत कोणी सांगितलं असतं तर थुंकले असते.

गुरुवार, १४ मार्च

सोमवारी फोन केला होता. पलीकडची बाई फार सभ्य. "टाइना कांगस? ती ऑक्टोबरपासून आमच्याकडे नाही. आठ जणांना कमी करावं लागलं. तुमच्या गावी आम्ही कोणालाच पाठवलेलं नाही."

आज अंक आला. पहिल्या पानावर, 'संपादक' या शब्दापुढे दोन नावं, माझं आणि तिचं. टाइनाने ते बघितलं. दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. मग नजर न उचलता म्हणाली, "ताई, आधी माझ्या ऑफिसला विचारायला हवं होतंस."

"विचारलं," मी म्हटलं.